तीर्थाचा गडू आणि चार देश

लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्यांकडे असतात तेवढे किस्से आमच्याकडे एका महिन्यात जमले. कुणी चहाला आलं की मी एक सांगायला घेते, तर त्याच्या आधीचा सांगितल्याशिवाय तो कळत नाही, आणि चहा दोनदा टाकावा लागतो. म्हणून आता सगळे एकदाच सांगून टाकते.

मी स्मिता, वय पंचावन्न. भावंडांची शिक्षणं, आईचं आजारपण, यात माझं लग्न राहून गेलं ते गेलंच. विनायकराव साठीचे, पहिली पत्नी जाऊन नऊ वर्षं झालेली. त्यांच्या मुलीनेच, केतकीने, आमचं जुळवलं आणि लग्नाची भेट म्हणून महिनाभराची चार देशांची ट्रिप बुक करून दिली. माणूस सोन्यासारखा. फक्त एक शब्द तोंडातून निघत नाही. हनिमून! आणि मला तो त्यांच्या तोंडून एकदा तरी चारचौघांत ऐकायचा होता. हसा खुशाल. पंचावन्न वर्षं थांबले होते मी.

*

आमची सोसायटी जुन्या पनवेलमध्ये, एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. निघायच्या आदल्या दिवशी नव्या बॅगा घेऊन आम्ही रिक्षातून उतरलो, तर गेटवर दामले काका. वय अठ्ठ्याहत्तर, सोसायटीचे चेअरमन. एवढ्या मोठ्या बॅगा कुठे निघाल्या, असं त्यांनी विचारलं आणि आमचे हे घाबरून म्हणाले, "यात्रेला."

"वा! या वयात माणसाने तेच करावं," काका म्हणाले. काकू मागे उभ्या राहून आमच्या नव्या बॅगा न्याहाळत होत्या.

अर्ध्या तासात काका नारळ आणि झाकणाचा तांब्याचा गडू घेऊन घरी हजर. नारळ प्रवासाला, गडू तीर्थ आणायला. शिवाय परत आल्यावर मावंदं घालायचं ठरवूनच गेले. मावंदं म्हणजे यात्रा करून आलेल्याने लोकांना जेवू घालायचं. विनायकराव नुसते हो हो म्हणत होते.

सोसायटीत एकीलाच शंका आली. उरणहून मासे घेऊन येणारी जनाबाई. टोपली उचलताना मला म्हणाली, "यात्रंला जानारी मानसं आदल्या दिशी पापलेट घेतात काय? आमाला काय कलत नाय?"

*

विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने आमचा नारळ बाजूला काढला. हा नेता येणार नाही म्हणाला. यात्रा खोटी असली तरी नारळ खरा होता, तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला विनायकरावांचा हात धजेना. शेवटी त्यांनी तो त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर नीट शेंडी वर करून ठेवला आणि हात जोडले.

मागच्या दोघांनीही जोडले. मी वळून बघितलं तर अख्खी रांग त्या टेबलापाशी नमस्कार करून पुढे सरकत होती!

*

पहिला मुक्काम हनोई. केतकीने प्रत्येक हॉटेलला आम्ही कशासाठी येतोय ते कळवून ठेवलं होतं. खोलीत शिरलो तर पलंगावर टॉवेलचे दोन हंस आणि गुलाबपाकळ्यांचं मोठं बदाम.

फुलांवर झोपायचं कसं? विनायकरावांनी पाकळी न् पाकळी वेचली, बॅगेतला छोटा गणपती काढला आणि सगळ्या त्याला वाहिल्या. दुसऱ्या दिवशी पलंग रिकामा बघून हॉटेलवाल्यांनी दुप्पट पाकळ्या घातल्या. यांनी त्याही वाहिल्या. चौथ्या दिवशी पिशवीभर निर्माल्य घेऊन आम्ही हॉटेलच्या बागेत परवानगी मागून एका झाडाच्या मुळाशी ते ठेवलं.

रिसेप्शनवरची बाई पिशवीकडे बघतच राहिली. एवढ्या पाकळ्या लागलेलं जोडपं तिने आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. त्यानंतर ती आमच्याशी फार आदराने बोलायची.

*

कंबोडियातल्या एका जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर एक मराठी जोडपं भेटलं, नवंकोरं आणि नुकतंच भांडलेलं. ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. आम्ही हात धरून पायऱ्या उतरत होतो, कारण माझे गुडघे. मुलीने येऊन एकदम वाकून नमस्कार केला आणि विचारलं, किती वर्षं झाली लग्नाला?

"बावीस दिवस," मी म्हटलं.

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मंगळसूत्राच्या नव्या वाट्या दाखवल्या तेव्हा पटलं. मग भांडण झालं की तुम्ही काय करता, असं तिने अगदी मनापासून विचारलं. मी सांगितलं की अजून झालं नाही, झालं की कळवते. आणि तिचा नंबर घेतला.

*

त्या मुलीला मला चारच दिवसांत फोन करावा लागला.

थायलंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावर जेवत होतो. वेटर गाणं म्हणत केक घेऊन आले, त्यावर साखरेने इंग्रजीत 'हनिमून' लिहिलेलं. सगळी टेबलं आमच्याकडे बघायला लागली. विनायकराव लालेलाल झाले आणि त्यांनी बोट दाखवून सांगितलं की तो केक पलीकडच्या टेबलाचा आहे. पलीकडे एक म्हातारं परदेशी जोडपं होतं. त्यांनी टाळ्या वाजवून घेतला आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ला!

मी उठून वाळूत जाऊन बसले. हे मागोमाग आले, म्हणाले, दुसरा मागवतो.

"मला केक नकोय. तो शब्द हवाय. तुम्हाला माझी लाज वाटते का?"

ते माझ्यापासून थोडं लांब वाकून शिंपले वेचत बसले. मला फार वाईट वाटलं, ते आजही लपवत नाही.

*

मलेशियात शिरताना अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? विनायकरावांनी माझ्याकडे बघितलं. घाम पुसला. मी मनातल्या मनात देव आठवले.

"लग्न," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"आमचं."

"कधी आहे?"

"झालं."

शिक्का मारताना त्याने आमच्याकडे इतक्या दयेने पाहिलं, जणू लग्नाला उशिरा पोचल्याने आमचं जेवण चुकलं होतं. शेवटच्या दिवशी बॅग भरताना बघितलं तर गडूला झाकण लावून वर रुमाल घट्ट बांधलेला. हॉटेलच्या नळाचं पाणी तीर्थ म्हणून चालवणार, मी समजले. परतीच्या विमानात मी खिडकीकडे तोंड करून बसले.

*

मावंदं सोसायटीच्या गच्चीवर. जिलबी, मठ्ठा, मसालेभात, सगळी बिऱ्हाडं हजर. केतकीही आलेली. काकांनी गडू हातात घेतला, आधी तीर्थ, मग पंगत, असं जाहीर केलं. तीस-चाळीस ओंजळी पुढे आल्या. पहिली काकूंची.

काकांनी रुमाल सोडला, झाकण काढलं आणि गडू वाकडा केला. काकूंच्या ओंजळीत खळ्ळकन शिंपले पडले.

विनायकराव उठले.

"काका, हे तीर्थ नाही. थायलंडच्या समुद्रावरचे शिंपले आहेत, हिच्यासाठी वेचलेले. तुमच्याशी मी खोटं बोललो, माफ करा. आम्ही यात्रेला गेलोच नव्हतो." ते थांबले, माझ्याकडे वळले. "आम्ही हनिमूनला गेलो होतो."

वाढायला घेतलेलं जिलबीचं ताट माझ्या हातात कललं आणि एक जिलबी खाली पडली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तशीच उभी राहिले. असं वाटलं, चारही देश आत्ता जिंकले.

काका गडूत बघत उभे होते. या वयात म्हणून काहीतरी पुटपुटलेही. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. लग्नाच्या बावन्न वर्षांत त्या खोपोलीच्या पुढे गेलेल्या नाहीत. त्यांनी ओंजळीतले शिंपले एकेक करून पदरात बांधले, गाठ मारली आणि केतकीला जवळ बोलावलं.

"पासपोर्टला किती दिवस लागतात गं? दोन काढायचेत."