माशांची पंगत

"नको म्हणणाऱ्याचं तोंड बघायचं न्हाई बाई, हात बघायचा. हात ताटाला टेकला तरच बस समजायचं. वर राहिला की वाढायचं."

लातुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचं हे शास्त्र होतं. एसटीत कंट्रोलर म्हणून त्यांचा जन्म गेला. मुरुडच्या आणि मुखेडच्या गाड्या ज्या आवाजात पुकारल्या, त्याच आवाजात ते पाहुण्यांना जेवायला पुकारत. नुसती वाटी परत करायला गेलेला माणूसही धपाटे खाल्ल्याशिवाय सुटत नसे. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. त्याच्याकडे जाताना आपण मुद्दाम जेवणाची वेळ टाळतो आणि तरीही सापडतो. मी शाळेत शिकवते, पन्नास पोरं धाकात ठेवते, पण काकांपुढे माझं कधी काही चाललं नाही. तडस लागेपर्यंत जेवायचं आणि घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायची, हा आमचा शेजारधर्म.

काकू गेल्या आणि त्या घरची पंगत थांबली. नांदेडला नोकरीला असलेल्या मुलाने वडिलांना विरंगुळा म्हणून काचेची टाकी आणून दिली आणि तिच्यात तीन ओरांडा सोडले. ओरांडा म्हणजे गोल्डफिशमधली बडी मंडळी. पोट सुटलेलं, शेपटीला झालर, डोक्यावर फेटा बांधल्यासारखा मांसल तुरा. पोहण्यापेक्षा लग्नात मिरवायलाच जन्माला आलेले. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका, असं दुकानदाराने बजावलं होतं. काकांना हा शुद्ध चिक्कूपणा वाटला.

"घड्याळ लावून कुणी जेवू घालतंय का वो?" ते म्हणाले. "कसं बघूलालेत माझ्याकडं."

खाण्याच्या डबीचं झाकण वाजलं की तिघेही वर यायचे आणि तोंडं उघडझाप करायचे. गोल्डफिश दिवसभर हेच करतो, पोट भरलेलं असलं तरी. काकांना मात्र आयुष्यात पहिल्यांदाच नको न म्हणणारे पाहुणे भेटले होते. हातच नसल्यामुळे बस म्हणायची त्यांना सोय नव्हती. डबीतल्या दाण्यांनंतर भाकरीचा चुरा, त्यावर शेंगदाण्याचं कूट, सणाला पुरण. पाणी लगेच ताकासारखं पांढरं व्हायचं, मग काका ते बदलायचे. आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नाही. बायका भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालतात, आणि हे गृहस्थ नळाच्या पाण्यातलं क्लोरीनचं औषध उडून जावं म्हणून पिंपभर पाणी माशांसाठी मुरवत ठेवायचे. सगळी गल्ली दातओठ खायची. मीही त्यात होते.

व्हायचं ते झालं. एका सकाळी केशरी मासा पोट वर करून तरंगू लागला. जिवंत होता, कल्ले हलत होते, पण खाली जाता येत नव्हतं. काका बनियनवरच आमच्या दारात आले. मी दुकानदाराला फोन लावला. जास्त खाऊन झालंय, तो म्हणाला. दोन-तीन दिवस काहीही देऊ नका, मग उकडलेला मटार साल काढून द्या. मी काकांना ते सांगितलं आणि वर थोडं माझंही सुनावलं, की माणसं पुरेत, निदान माशांना तरी सोडा. काका हसले नाहीत.

"आजाऱ्याला उपाशी ठेवायचं?" ते म्हणाले. "हिनं शेवटी पेज मागितली होती वो बाई. तोंडानं काही द्यायचं न्हाई म्हणले दवाखान्यात. हात पुढं करून मागूलालती, आन मी दिलो न्हाई."

मला वाईट वाटलं.

शेवटी काकांनीच दाण्यांची डबी आणून माझ्या हातात दिली आणि कुलपात ठेवायला सांगितली. स्वतःचा भरवसा नव्हता. मग फेऱ्या सुरू झाल्या. कधी विरजण पाहिजे, कधी पेपर पाहिजे, आणि जाता जाता डबी नीट आहे ना याची चौकशी. मटार पोटात गेल्यावर मासा सुलटा झाला. त्या आनंदात माणसाने काय करावं? अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं. मी दोन्ही हात ताटावर दाबून बसले होते, तर बोटांच्या फटीतून तूप ओतलं. शास्त्र फक्त दुसऱ्यांना शिकवायला होतं.

पुढे काकांनाच साखर निघाली. एकदा चक्कर येऊन पडले, तेव्हा मुलगा त्यांना नांदेडला घेऊन गेला. मासे माझ्याकडे आले. मी त्यांना घड्याळ लावून जेवू घालते.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला एका लग्नाला गेले होते, तेव्हा काकांना भेटून आले. सुनेने जेवायला बसवलं. पोरगी गुणाची, सासऱ्याची साखर तिनेच ताब्यात आणली. काकांच्या ताटात एक ज्वारीची भाकरी, मेथी आणि वरण. मला तिने एकदा विचारलं, अजून वाढू का? मी नको म्हणाले, आणि तिने ते खरं मानलं. इतकी वर्षं बोटं मोडली आणि त्या दिवशी मी अर्धपोटी राहिले.

काकांचं ताट केव्हाच पुसल्यासारखं स्वच्छ झालं होतं.

"मासे मागत असतील की," ते म्हणाले.

"मागतात," मी म्हणाले.

सून ताक आणायला आत गेली. स्वयंपाकघरात कुठल्या तरी डब्याचं झाकण वाजलं आणि काकांनी चटकन मान वर केली. मला ते बघवेना. मी डाव्या हाताने टोपलीतली अर्धी भाकरी उचलली.

"काका, एवढं घ्याच."

"न्हाई बाई, बस. सून रागवती," ते म्हणाले आणि त्यांनी ताटावर हात धरला.

मी तोंडाकडे बघितलंच नाही. हात ताटापासून चांगला चार बोटं वर होता.