चार बोटं सैल

आमच्या शेजारच्या संध्याकाकू विणतात कमी, दुरुस्तच जास्त करतात. उस्मानपुऱ्यातले बिघडलेले स्वेटर त्यांच्याकडे येतात: काखेत काचणारे, डोकं न शिरणारे, एका धुण्यात गुडघ्यापर्यंत उतरलेले. काकू स्वेटर मांडीवर घेतात, डोळे मिटतात आणि टाक्यांवरून बोटं फिरवतात. "इथं कुकरची शिट्टी झाली असणार," म्हणतात, "टाका दचकलाय." मला आवाजांची नक्कल येते, काकूंना हातांची. दुसरीच्या टाक्याशेजारी त्या असा टाका घालतात, की तो तिचाच वाटावा.

डिसेंबरातल्या एका दुपारी चितेगावचे आप्पासाहेब आले. आवाज असा, की तिसऱ्या शेतातला माणूस वळून बघेल.

"ताई! जरा बघा की हे!"

त्यांनी पिशवीतला राखाडी स्वेटर अंगात घातला आणि आप्पासाहेब दिसेनासेच झाले. बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात. मी ओढणी तोंडात कोंबली.

"आमच्या मालकिणीनं इणलाय," ते एकदम हळू बोलले. "चतुराबाईनं. नजर जाऊन दोन सालं झाली तिची. चाचपून चाचपून इणला. मी म्हणलो, लई फिट बसला. आता ऐतवारी ती सोता हात फिरवून बघणार. ढगळा निघाला तर सुया चुलीत घालीन म्हणती. घालीन म्हणली की घालती ती. मग दिवसभर करावं काय तिनं?"

"माप कसं घेतलं होतं?"

"माप कसलं! म्हणलो, चार बोटं सैल ठेव. तिनं माझाच हात धरला, न् बोटं मोजली."

काकूंनी त्यांचा हात पाहिला. औत धरून धरून एकेक बोट केळ्याएवढं झालेलं. त्यांची चार बोटं म्हणजे काकूंची वीतच. आणि ती छातीला, बाहीला, सगळीकडेच सैल सोडलेली.

काकूंनी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून आत घेतल्या. बाहीचं काम नाजूक. मनगटाच्या पट्टीवरचा एक टाका कापून त्यांनी अख्खी ओळ सोडवली. पट्टी अलगद सुटी झाली. मग जास्तीची बाही उसवली. शेवयांसारखी कुरळी लोकर चहाच्या वाफेवर धरली, तशी ती आळस दिल्यासारखी सरळ झाली. उन्हाच्या पट्ट्यात राखाडी तूस तरंगत होतं. रस्त्यावरचे हॉर्न कुठल्या तरी दुसऱ्या गावात वाजत असावेत, असं वाटत होतं. पट्टी परत जोडताना काकूंनी डोळे मिटले. मीही मिटले. सुईचा आवाज येतो, खरंच येतो. बाहीवरची फक्त जोडाची ती एक ओळ काकूंची.

रविवारी आप्पासाहेब स्वेटर घेऊन गेले. मंगळवारी दोघंही दारात. आज आप्पासाहेबांचा आवाज पहिलं शेतही ओलांडेना.

"कुठं हायेत त्या ताई?" चतुराबाई आत येऊन बसल्या. नवऱ्याच्या अंगातल्या स्वेटरवरून त्यांची बोटं सरकत गेली आणि मनगटाशी थांबली.

"ही वळ माझी नाय."

त्यांचं बोट त्या ओळीवरून पुन्हा एकदा फिरलं.

"पन घातलीय माझ्यावानीच. नक्कल करता व्हय माझी?"

"डोळे मिटून केली," काकू म्हणाल्या. "उघड्या डोळ्यांनी जमेना."

चतुराबाई खुदकन हसल्या. मग नवऱ्याकडं मान वळवली. "न् हे म्हणं लई फिट! यांना एक खोटं धड बोलता येत नाय."

"तू सुया चुलीत—"

"गप बसा."

काकूंनी उरलेल्या लोकरीचा गुंडा चतुराबाईंच्या मांडीत ठेवला. "विणण्यात काहीच चुकलं नाही, बाई. बोटं तेवढी यांची धरली. एवढ्यात टोपी होईल."

चतुराबाईंनी गुंडा गालाला लावला. बराच वेळ तसाच धरला. वाफेची ऊब त्यात अजून असेल का, मला कळेना.

"वाका जरा," त्या म्हणाल्या.

आप्पासाहेब वाकले. त्यांच्या कपाळावर चतुराबाईंनी आपली चार बोटं आडवी ठेवली, त्यांना लागून पुन्हा चार.

"हलू नगा. चार... आठ..."