नडीनने पाडलेले चरे

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते: मी कोणावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. ब्रॉडवेच्या कपडेपटात सव्वीस वर्षं काढली आहेत मी. नटनट्यांच्या पाठीचे हुक लावता लावता त्यांची भांडणं, लफडी, खोटी आजारपणं सगळं ऐकलं. कुठे पाणी मुरतंय ते मला वासावरून कळतं, असा माझा समज होता. नडीन कोवाल्चिक भेटेपर्यंत तो टिकला.

नडीन बदली नटी होती. दीपगृह राखणाऱ्या विधवेचा तो जुना संगीत खेळ आमच्या थिएटरात नव्याने उभा राहिला, तेव्हा मुख्य भूमिका मॅरिएल स्टॅनहोपला मिळाली आणि तिचे कपडे माझ्याकडे आले. मॅरिएल टीव्हीवर नऊ वर्षं न्यायाधीशबाई झालेली. लोक तिला बघायला तिकिटं काढायचे, ती गाते का रडते याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. आठवड्याचे आठही प्रयोग तिला झेपणार नव्हते, म्हणून सात तिचे आणि बुधवार दुपारचा नडीनचा. उरलेल्या सात वेळी नडीन चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून असायची, मॅरिएलला अचानक काही झालंच तर उभी राहायला.

एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. रिजवूडच्या पोलिश पाववाल्याची मुलगी, आवाज असा की ऐकताना माझ्या हातातली सुई थांबायची. पण तिचं नाव कधी थिएटरच्या दारावर लागलं नाही. नाव यायचं ते प्रेक्षकांच्या पुस्तिकेत सरकवलेल्या चिठ्ठीवर: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका नडीन कोवाल्चिक करतील. चिठ्ठी हातात पडली की लोकांची तोंडं उतरायची. एका बुधवारी एक बाई दारातच ओरडली, "म्हणजे न्यायाधीशबाई नाहीत? अहो, मी ओहायोहून आलेय!"

नडीनने ते जिन्यावरून ऐकलं. मला म्हणाली, "बरोबर आहे गं तिचं. मी ओहायोहून आले असते ना, तर खुर्चीच फेकली असती."

इतका चांगुलपणा मला पचला नाही. एकोणीस वर्षं दुसऱ्याचे कपडे घालणारी बाई आतून जळत नसेल, यावर कोण विश्वास ठेवील?

त्यात जानेवारी जवळ येत होता. मॅरिएलचा करार तेव्हा संपणार होता आणि निर्मात्यांनी नडीनला सांगितलं होतं, तुझा विचार चाललाय. भूमिका कायमची तिची, दारावर नाव तिचं. हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हणालं होतं. ती हे कोणाशी बोलायची नाही, पण सप्टेंबरपासून तिने सर्दी होईल म्हणून बर्फ घातलेलं पाणी सोडलं होतं. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

आणखी एक. ती रोज संध्याकाळी पूर्ण मेकअप करून बसायची. स्टेजवर जायचं नसतानासुद्धा! एकदा मी विचारलंच.

"एवढा रंग कोणासाठी थापतेस गं?"

"एकदा मला तेरा मिनिटांत उभं केलं होतं, बर्नी. एकच भुवई काढून झाली होती. लोक अख्खा अंक भुवईच बघत होते." ती हसली आणि डब्यातला उकडलेला बटाटा मिठाला लावून खाऊ लागली.

मी हसले नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

ऑक्टोबरातला तो गुरुवार. प्रयोगाला दोन तास असताना मी इस्त्रीचे कपडे घेऊन जिना उतरत होते. नडीन मॅरिएलच्या खोलीतून बाहेर आली. तिने स्वेटरखाली काहीतरी लपवलं होतं. मला बघून ती दचकली, "अगं, मला वाटलं तू जेवायला गेलीस," म्हणाली आणि घाईने वर गेली.

मी आत गेले आणि एकेक वस्तू तपासली. विग ठीक, पट्टा ठीक, कंदील ठीक. मग बूट उलटे केले, एरवी कधी करत नाही. सोलवर आडवे चरे, खोल, ताजे, टाचेच्या कडेला तर चामडं भुसभुशीत झालेलं. आता सोल घासणं मला नवीन नाही, नाचणाऱ्या पोरी पाय घसरू नये म्हणून तारेच्या ब्रशने घासतातच. पण मॅरिएलच्या बुटांना हात लावायचा तो मी, दुसऱ्या कोणी नाही. आणि पहिल्या अंकाच्या शेवटी तिला दीपगृहाच्या गोल जिन्यावरून, कंदील हातात धरून, गात गात बावीस पायऱ्या उतरायच्या असतात. टाच पाचव्या पायरीवर निखळली तर? मला सगळं लख्ख दिसलं. जानेवारीपर्यंत थांबायला बाईला धीर नव्हता!

मी कोणाला काही बोलले नाही. ते बूट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवले, पुरावा म्हणून. आणि जादा जोड काढून मॅरिएलच्या खुर्चीखाली ठेवला. नवा कोरा, कधी न वापरलेला. खरं सांगते, त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मॅरिएल नवव्या पायरीवरून पडली.

गाण्याच्या मध्ये तो आवाज आला आणि कंदील गडगडत थेट वाद्यवृंदात गेला. पडदा पडला. प्रयोग चालवणारा थॅड तोंडाजवळच्या माइकमध्ये ओरडत होता, "नडीनला बोलवा, नडीनला!" नडीन चार मजले धावत आली. चेहरा रंगवलेला, केस बांधलेले, दोन्ही भुवया जागच्या जागी. विंगेत उभे असलेले सगळे त्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"तयारच होती की बाई," कोणीतरी मागे म्हणालं.

मॅरिएलला स्ट्रेचरवर घेत होते. नडीन तिच्यापाशी क्षणभर वाकली, मग माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी हुक लावले. अकराव्या मिनिटाला ती जिन्यावर होती. गायली अशी, की न्यायाधीशबाईंसाठी आलेले लोक उभे राहिले. मला ते आवडलं, आणि आवडलं याचा राग आला. नव्या जोडावरूनसुद्धा मॅरिएल पडली कशी, याचा विचार मी केलाच नाही. म्हटलं, हिने जिन्यालाच काहीतरी केलं असणार.

शुक्रवारी सूचनांच्या फळ्यावर कोणीतरी कागद टाचला: नडीनच्या पुढे जिना उतरू नये. नडीनने तो काढला, चार घड्या करून खिशात घातला आणि हजेरीवर सही केली. शनिवारी निर्मात्यांचा माणूस येऊन थॅडशी दार लावून बोलला. रविवारी तिच्या टेबलावर कोणी जेवायला बसलं नाही. मी माझ्या कपाटाला कुलूप लावून गप्प होते. योग्य वेळी पुरावा काढू, असं ठरवून.

सोमवारी सकाळी मॅरिएलचा फोन आला. घोटा मोडला होता, पण आवाज खणखणीत होता.

"बर्नी, गुरुवारी मला कुठले बूट दिले होतेस?"

"जादा जोड, मिस स्टॅनहोप. तुमच्या नेहमीच्या बुटांची कोणीतरी नासधूस केली होती. म्हणून मी—"

"नासधूस? अगं बाई, ते नडीन घासून द्यायची. दर आठवड्याला. माझा डावा कान बिघडलाय. गोल जिन्यावर डोकं गरगरतं. विमावाल्यांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला. फक्त तिला माहीत होतं."

"मला का नाही सांगितलंत? मी तुमचे कपडे करते!"

"तुला? तू म्हणाली असतीस, ही दारू पिते."

खरं होतं. तेच म्हणाले असते.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. मग, लाज वाटते सांगायला, पण आणखी एक दिवस गप्प बसले. थिएटर सोमवारी बंद असतं, असं स्वतःला बजावलं. थॅडचा नंबर माझ्याकडे होता.

मंगळवारी प्रयोगाआधी अभ्र्यातले बूट थॅडच्या टेबलावर ठेवले आणि बूट मी बदलले, नडीनचा यात काही हात नाही, एवढं सांगितलं. मॅरिएलच्या कानाबद्दल बोलले नाही. त्याने सोलवरून अंगठा फिरवला.

"हे तर पकड यावी म्हणून घासलेत, बर्नी."

"हो."

"तू शुक्रवारी का नाही आलीस?" त्याने अहवालाची वही पुढे ओढली, पण लिहिलं काही नाही. "काल जानेवारीची सही झाली. टीव्हीवरची ती डॉक्टरीण येतेय. निर्माते म्हणाले, जिच्याबद्दल कुजबुज आहे तिचं नाव दारावर नको. तोपर्यंतचे आठवडे नडीन करेल, चिठ्ठीवर."

म्हणजे माझ्या चार दिवसांनी तिचं दार बंद केलं होतं. दुसऱ्या कोणी नाही, मी. बूट मी बदलले हे थॅडने सगळ्यांसमोर सांगायचं कबूल केलं, माझ्या नावासकट, आणि सांगितलंही. आता त्याचा तिला काय उपयोग होता?

नडीनला आता मॅरिएलची खोली दिली होती. मी दारात उभी राहिले. ती उजवी भुवई काढत होती.

"मी बूट बदलले होते," मी म्हणाले.

"माहितेय. तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा सोल बघितले मी. कोरे होते. आणि जादा जोडाच्या कपाटाची किल्ली तुझ्या गळ्यात असते."

"तेव्हाच कळलं? आणि तू मला हुक लावू दिलेस? बोलली का नाहीस?"

"मॅरिएलला शब्द दिला होता." तिने डावी भुवई सुरू केली. "आणि तुझं तू सांगायचं होतंस, बर्नी. ते मी कसं सांगणार?"

"जानेवारी गेला तुझा."

"हो, गेला." तिची पेन्सिल थांबली. आरशात तिचे डोळे भरले, तिने मान वर करून पाणी आत घेतलं, रंग ओघळू नये म्हणून. "मला फार हवा होता गं तो."

मी क्षमा मागितली. तिने ती दिली की नाही, मला अजून सांगता येत नाही. कपडेपटाच्या मुख्य बाईने सांगितलं होतं, आपल्या कपड्यांसाठी नडीनने नाव घेऊन मलाच मागून घेतलंय. सवयीने मनात आलं, का मागितलं असेल? सूड घ्यायला?

तिने खुर्चीखालून आपले बूट काढले, नवे, कोऱ्या सोलांचे. ड्रॉवरमधला तारेचा ब्रश त्यांच्यावर ठेवला आणि दोन्ही माझ्याकडे सरकवले.

"आडवे चरे पाड. टाचेला जास्त घास."

"मी घासू?"

"बावीस पायऱ्या आहेत, बर्नी," ती म्हणाली. "तुझ्या घासण्यावर उतरणार आहे मी."

मी जमिनीवर बसले आणि घासू लागले.