झेंडाईला कुंकू लावणारे डॉक्टर

डॉ. रघुनाथराव हिरेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आदरबिदर काही उत्पन्न झाला नाही. चीड आली. लगीनसराईचे दिवस, दौंडच्या माझ्या छापखान्यात पत्रिकांच्या गठ्ठ्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही, आणि दारात एक उंच गृहस्थ उभे. पायात गमबूट, बुटांना शेण, आणि हातात पांढऱ्याशुभ्र फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून ते म्हणाले, "मालक, जरा हात धुऊन येता का?"

माझ्या छापखान्यात, मलाच! मी म्हणालो, "अहो, आधी तुम्ही पाय धुवा!" ते निमूटपणे बाहेरच्या नळावर गेले, बूट घासून आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. आता काय करता? हात धुवावे लागले.

फडक्यात एक जुनं पोस्टकार्ड होतं. चरखा, त्यावर फडकणारा झेंडा, खाली 'वंदे मातरम्'. डॉक्टरांना एवढंच विचारायचं होतं की हे रंग एका दमात छापलेत की एकावर एक. मी भिंग लावलं. झेंड्याचा हिरवा रंग रेघेबाहेर सांडला होता. मी म्हणालो, "कागद यंत्रातून तीनदा फिरलाय. हिरव्याला कारागीर चुकला. मालकानं त्याला चांगलंच झापलं असेल." डॉक्टर हसले. म्हणाले, "झापलं नसेल हो, पाठ थोपटली असेल. असलं चित्र छापणाऱ्याच्या दारात तेव्हा पोलीस यायचे. घाईत छापलंय, म्हणून तर छापखान्याचं नाव कुठं नाही. आणि ज्यानं पाठवलं त्याची छाती बघा. पाकीट नाही, काही नाही. उघडं टपालात टाकलंय."

जन्मभर मी कागदावर शाई लावत आलो, पण चुकलेल्या हिरव्या रंगाकडे पुन्हा पुन्हा भिंग नेण्याची ती पहिलीच वेळ. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. ती खोळंबू दिली.

डॉक्टरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात शिरूर-दौंडकडच्या आम्हा संग्राहक मंडळींच्या वतीनं मी लिहावं, असं संपादकांनी सुचवलं. मला गोडगोड लिहिता येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरीही सुचवलं, तेव्हा परिणाम त्यांनीच भोगावेत.

डॉक्टर गुरांचे. सरकारी नोकरीत आधी राहू गाव, मग खुटबाव असं करत दौंड तालुक्यात बरीच वर्षं काढली आणि पुढं शिरूरला स्थायिक झाले. लोक डॉक्टरांच्या गाडीच्या आवाजावरून कोणाची गाय अडली ते ओळखायचे. या फिरतीतच त्यांचा संग्रह उभा राहिला. स्वातंत्र्याच्या आगेमागे छापलेली देशभक्तीची चित्रकार्डं, कोपऱ्यात झेंडा, चरखा नाहीतर भारतमाता छापलेली पाकिटं, लढाईच्या काळात घरोघरी गेलेली जवानाच्या चित्राची पाकिटं. कुणाच्या ट्रंकेत तळाला, कुणाच्या आरशामागे, एका ठिकाणी तर कणगीच्या फटीत उंदीर येऊ नये म्हणून कोंबलेलं. डॉक्टर ते काढत, फडक्यानं टिपत आणि ज्याचं घर त्यालाच आधी त्याची गोष्ट सांगत. आपल्या आज्यानं एवढ्या धोक्याचं चित्र जपून ठेवलं होतं, हे ऐकून बसल्या जागी ताठ झालेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

डॉक्टरांचा एक नियम होता आणि त्यावरून आमची कैकदा जुंपली. गोठ्यात जनावर आजारी असेल तर त्या घरात कार्डाचा विषय काढायचा नाही. मी म्हणायचो, "अहो, तेव्हाच तर माणूस खुशीनं देतो!" ते म्हणायचे, "म्हणूनच मागायचं नाही, प्रेसवाले. म्हैस आडवी पडली की माणूस घरसुद्धा देईल. ते घेणं म्हणजे दरोडा." मला ते कायम प्रेसवालेच म्हणतात. माझं नाव शंकर आहे हे त्यांना ठाऊक असावं, असा माझा अंदाज आहे.

माणूस शिस्तीचा, पण आतून लोण्याचा. माझ्या मंडळींचं कंबरेचं ऑपरेशन झालं आणि त्या महिनोन्‌महिने खाटेला खिळल्या, तेव्हा डॉक्टर शिरूरहून एसटीनं दौंडला यायचे, काखेत एक आल्बम. एकेक पाकीट दाखवत त्यांना गोष्टी सांगायचे. अट तीच. घमेलं, साबण, टॉवेल आधी खाटेपाशी आणायचा. आमच्या मंडळी म्हणायच्या, "भावजी, दवाखान्यात एवढे हात धुतले असते तर मी लवकर बरी झाले असते!" पण दारात डॉक्टरांचा आवाज आला की त्याच आधी साबण मागायच्या.

आता राहूची हकिकत सांगतो. माझ्या लेखी अख्खे डॉक्टर तिच्यात आले.

ते चरख्याचं कार्ड सहा कार्डांच्या संचातलं होतं. बेनामी छापखान्याचा तो संच पुरा कोणाकडेच नाही. डॉक्टरांनी खपून पाच मिळवली. सहावं, हातात झेंडा घेतलेल्या आणि शेजारी सिंह असलेल्या भारतमातेचं, कुठं म्हणता कुठं मिळेना. आणि एका दुपारी राहूला धोंडीबाआबांच्या घरी ते त्यांना दिसलं. आबा धनगर, पूर्वी मेंढरांमागं फिरणारे, आता शेती करणारे. म्हैस अडली होती. डॉक्टरांनी ती मोकळी केली, हात धुतले, चहाला आत गेले, तर देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी पत्र्याची उघडी डबी, आणि डबीत सहावं कार्ड! त्यावर कुंकवाचा थर.

"आबा, ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही व्हय? ही आमची झेंडाई," आबा म्हणाले. "आज्यानं आनली. मेंढरं घिऊन कोकनात जायाचो तवा घोड्यावर बिराडाच्या वर हिची डबी. आजवर एक दिस बिनकुंकवाची ऱ्हायली न्हाई. आन् डॉक्टर, तुमी आज माझी म्हस वाचिवली. काय बी मागा!"

डॉक्टरांनी आणखी अर्धा कप चहा मागितला.

हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. पुढची कितीतरी वर्षं माझी भुणभुण चालू होती. "अहो, आता तरी मागा!" उत्तर ठरलेलं, "म्हैस अजून गोठ्यात आहे." ती म्हैस म्हातारी होऊन गेली. मी म्हटलं, आता? तर म्हणाले, "तिची रेडी आहे की!"

मग एके दिवशी आबांच्या मुलाचा, सोपानचा, डॉक्टरांना फोन आला. तो कोरेगाव भीमाकडं कंपनीत लागला होता, बायकोही कंपनीत. आबांचे डोळे गेल्यात जमा, म्हणून त्यांना घेऊन सगळं बिऱ्हाड तिकडं हलणार होतं. गोठा रिकामा झाला होता. बोलता बोलता सोपान म्हणाला, "बाकी देव नेतोय, त्यांचं सणावारी भागतं, पण झेंडाईला उद्या नदीत सोडायचं म्हणतायत आबा. दोघांच्या शिफ्ट ड्युट्या, रोजचं कुंकू कोण लावणार? पूजा व्हत न्हाई तो देव घरात ठेवत न्हाईत आमच्यात."

डॉक्टरांनी मला फोन केला. मी गाडी काढली, शिरूरला त्यांना घेतलं आणि राहूची वाट धरली. वाटेत मी गाणीच म्हणत होतो म्हणा ना! गोठा रिकामा, नियम आडवा येत नाही, आणि कार्ड उद्या पाण्यात जाणार ते आज हातात येणार. डॉक्टर खिडकीबाहेर ऊस बघत बसले होते.

आबा ओट्यावरच होते. डबी मांडीवर. डॉक्टरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, "आबा, झेंडाई मला द्याल का?"

"तुमास्नी न्हाई म्हनंन व्हय?" आबा म्हणाले. "पर येक सांगा. तिकडं रोज कुंकू व्हईल का? का फायलीत घालून ठिवनार? देवी उपाशी ठिवायची आसंल तर पानी बरं."

मी डॉक्टरांना कोपरानं ढोसलं. 'व्हईल' म्हणायचं, डबी उचलायची, निघायचं! आंधळ्या म्हाताऱ्याला शिरूरला येऊन कोण दाखवणार होतं? डॉक्टरांनी माझं कोपर बाजूला सारलं. मग म्हणाले, "आबा, खोटं बोलत नाही. फायलीतच ठेवायला आलो होतो."

आबांनी मान हलवली आणि डबी मिटली. मला वाटलं, झालं, बुडाली. जन्माची कमाई एका वाक्यात नदीत. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "पण आता तसं ठेवणार नाही. मी लावीन कुंकू. रोज. माझ्या हातानं."

मी ओरडलोच, "अहो डॉक्टर, कुंकू कागद खातं!" माझं डोकं चाललं, मी तोडगा काढला, वर काच बसवू, काचेला कुंकू लावू. आबा हसले. "काचंला कुकू म्हंजी आरशातल्या लेकराला घास भरिवन्यागत झालं की, मालक."

डॉक्टर म्हणाले, "काच नाही."

ज्या माणसानं मला माझ्याच छापखान्यात हात धुवायला लावले, बोटाचा ठसा उमटला तर ज्याचा दिवस खराब जायचा, तो माणूस त्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळ करून, संग्रहातल्या सगळ्यांत दुर्मीळ कार्डावर ओलं बोट टेकवतो आहे. घरात देवाचं सगळं डॉक्टरांच्या पत्नी सुमतीवहिनी बघत. त्या मला म्हणाल्या, "भावजी, लग्नानंतर यांना मी पहिल्यांदा हात जोडताना पाहिलं. तेही कार्डापुढं! माझे देव इतकी वर्षं काय वाईट होते?" त्यांनी मदत देऊ केली, पण डॉक्टरांनी घेतली नाही. "आबांना मी लावीन म्हणालो होतो," म्हणाले. गावाला गेले तर डबी पिशवीत असते.

पुण्याच्या प्रदर्शनात आम्ही तो संच मांडला. पाच कार्डं ओळीनं, सहावी जागा रिकामी, आणि तिथं डॉक्टरांच्या अक्षरात चिठ्ठी: 'सहावे कार्ड वापरात आहे.' परीक्षकांना ती चेष्टा वाटली. संच अपुरा म्हणून पदक दुसरीकडे गेलं. कार्ड त्या वेळी डॉक्टरांच्या पिशवीतच होतं! मी परीक्षकांशी भांडायला निघालो, तर डॉक्टरांनी माझी बाही धरली. "भांडता कशाला? त्यांचं बरोबरच आहे, आपला संच अपुराच आहे." एवढं बोलून त्यांनी मला मिसळ खायला नेलं.

आणि गेल्या वर्षी, काही न कळवता, सोपान आबांना घेऊन शिरूरला आला. मी योगायोगानं तिथंच होतो. आबांना आता अजिबात दिसत नाही. चहा नको, पाणी नको, "आदी झेंडाई कुठंय?" डॉक्टरांनी त्यांना हात धरून देव्हाऱ्यापाशी नेलं आणि त्यांचं बोट डबीत टेकवलं. आबांनी बोट फिरवलं. अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं.

"वलं हाय," आबा म्हणाले. "आजचं हाय." आणि तो ताठ म्हातारा डॉक्टरांच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. डॉक्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, अडलेल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. मीही पुसले, सांगायला लाज कसली?

मी संग्राहक आहे, छापखानेवाला आहे. कागद किती दिवस टिकेल हे मला बघता क्षणी कळतं. सिंहाची आयाळ गेली आहे. आईचा चेहरा कुंकवाखाली बुजला आहे. याही कार्डात झेंड्याचा हिरवा रेघेबाहेर गेलेला, तो तेवढा काठाला शिल्लक आहे. संग्राहकासाठी असं मागणं कोणी मागत नाही, तो शाप समजतात. पण वयानं लहान असल्यामुळे मला आशीर्वाद देता येत नाही, म्हणून पंचाहत्तरीच्या या दिवशी परमेश्वराकडं आणि त्या झेंडाईकडं हात जोडून एवढंच मागतो, की हे कार्ड कधीही संग्रहालयात न जावो. ते डॉक्टरांच्या बोटाखाली रोज थोडं थोडं झिजत जावो, उरलेला हिरवाही पुसून जावो, आणि डबीत नुसता पत्रा उरला, तरी त्याला कुंकू लावायला डॉक्टरांचा हात असाच खणखणीत असो.