सुनेचा बेसूर धवला

ही गोष्ट मी सांगते आहे आणि माझी सून टाइप करते आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझा उजवा हात आता मांडीवर पाहुण्यासारखा बसलेला असतो, कामाला लागत नाही. तेव्हा मध्येच कुठे सुनेचं कौतुक वाचायला मिळालं, तर ते तिनं घुसडलं असं समजावं.

मी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. हळदीला पाटावर बसून ती धवला गाते, म्हणजे एकेका देवाला गाण्यातून मांडवात बोलावते, मागच्या बायका तिची ओळ झेलतात, आणि सगळे देव आले की मगच नवरीला हळद लागते. एकही देव विसरून चालत नाही. देव एक वेळ समजून घेतील, मागच्या म्हाताऱ्या घेत नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर मी रोडपालीला आमच्या गच्चीवर सूर लावला, की तिकडे करंज्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील कूस बदलायचे. उलव्याची टेकडी विमानतळासाठी सुरुंग लावून फोडली असं सरकार सांगतं. सांगू दे. त्या दिवसांत तिथे माझ्या हळदींवर हळदी होत्या.

तर एका सकाळी भाकरी थापताना उजवा हात पिठात राहिला तो राहिलाच. अर्धांगवायू. हॉस्पिटलातून घरी आले ती फरफटता पाय, मेलेला हात आणि एकच शब्द घेऊन: "ते." डोक्यात सगळी बडबड जशीच्या तशी, अगदी चार बायकांना पुरेल एवढी, पण तोंडाशी आली की "ते… ते…" आणि खेळ खलास.

धाकटा दीर भेटायला आला. पाय पसरून बसला. "वयनी, इतकी वर्सं तुमी बोललाव. आता जरा आमी बोलताव." आणि त्यानं मीच रचलेली खाडीतल्या मगरीची गोष्ट मलाच सांगितली. मगर माझ्या गोष्टीत होडीएवढी होती, त्यानं ती सायकलएवढी केली. हात गेल्याचं दुःख एकीकडे, मगरीचं एकीकडे.

जाताना तो खऱ्या कामाचं बोलला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती पाळण्यात होती तेव्हा मी शब्द दिला होता की हिची हळद मीच गाणार. "तुमी नुसत्या बसा. धवला मोबाइलवर लावू. स्पीकर ह्यो एवढा हाय." मोबाइल आमच्या देवांना बोलावणार. या कल्पनेबद्दल माझं मत सांगायला मी तोंड उघडलं. "ते…" झालं. त्यानं तो होकार धरला.

बोलायला शिकवणारी एक गुणी मुलगी घरी यायची. छत्रीचं चित्र दाखवायची. कुणाची छत्री कुणी कोणत्या हळदीत पळवली इथपर्यंत मला ठाऊक, पण "छत्री" काही येईना.

मग एका दुपारी सून स्वयंपाकघरात कोलंबी सोलत होती आणि सोलता सोलता धवला म्हणत होती. ती साताऱ्याची. कोलंबी शिकली, आमची भाषा शिकली, पण सूर म्हणजे खडीच्या ढिगावरून शेळी उतरावी तसा. पहिली ओळ मी सोसली. दुसऱ्या ओळीत तिनं गावदेवीच्या जागी भलताच देव बसवला. तिसऱ्या ओळीला माझं तोंड आपोआप उघडलं आणि बरोबर ओळ, बरोबर चालीत, अख्खी बाहेर पडली. सुनेच्या हातातली कोलंबी खाली. मी थांबलेच नाही. गावदेवीपासून वेशीवरच्या देवापर्यंत सगळ्यांना स्वयंपाकघरात आणून उभं केलं. मग ऐटीत म्हणायला गेले "बघितलंस?" तर "ते".

शिकवणारी मुलगी म्हणाली, असं होतं. गाणं डोक्यात वेगळ्या खोलीत राहतं, आणि त्या खोलीची वीज गेलेली नाही. गोची एवढीच, की आतून कडी निघत नव्हती. पहिली ओळ दुसऱ्या कुणी उचलावी लागे. शेजारणीनं गोड गळ्यानं उचलून बघितली. मी मान डोलवत ऐकत बसले. कडी निघायची ती फक्त सुनेच्या बेसूरपणानं.

मग घरात सगळंच चालीत सुरू झालं. चहा चालीत, औषध चालीत. "मला संडासला ने" हे धवल्याच्या चालीत आळवून बघा एकदा. शेजारीण दारात हात जोडून उभी राहिली होती.

पुतणीची हळद उलव्याला, दिराच्या दारात. स्पीकर कपाटाएवढा. सून दिराला म्हणाली, "काका, आधी आई गातील. अडल्या तर तुमचा मोबाइल."

"आन अडल्या तर पोरीची हलद अडंल."

"मी आहे ना."

"तू हायस म्हनून तर भ्या."

मला खुर्चीवर बसवलं, पाट पायाखाली. सुनेनं पहिली ओळ उचलली. बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि मी सुटले. देवामागून देव येत गेले, मांडवात उभं राहायला जागा उरली नाही. आणि खाडीकडच्या देवाशी आले, तर शब्द गेला. चाल होती, देव नव्हता. मागच्या बायका ओळ झेलतात, उचलत नाहीत. नवरी माझ्याकडे बघत होती, पाळण्यातून बघायची तशीच. दिराचा अंगठा मोबाइलवर गेला.

तेवढ्यात सुनेनं ओळ उचलली. देव चुकीचा, सूर त्याहून चुकीचा. माझ्या टाळूला आग लागली आणि त्या आगीतून खाडीचा देव ओल्या पायांनी मांडवात आला. त्याच्या मागून राहिलेले सगळे. मग सुनेनं माझा उजवा हात आपल्या हातानं उचलला, हळदीत बुडवला आणि पोरीच्या गालावर टेकवला.

दिरानं मोबाइल खिशात घातला. "वयनी, त्यो देव आयला त्यो तुमच्या गान्यानं, का सुनंच्या भ्यानं?"

आता बोलणं परत आलंय, घरच्यांना हवं त्याहून जास्त. पण गाण्याची पहिली ओळ अजून तिलाच उचलावी लागते, म्हणून हळदीचं आमंत्रण दोघींना येतं.

एक गोष्ट मात्र राहिली. मागच्या आठवड्यात दुपारी मी झोपले आहे असं समजून सून स्वयंपाकघरात गुणगुणत होती. धवलाच. अख्खा, सुरात, एकेक देव आपापल्या जागी. गावदेवीशी जे वळण घ्यायला मला कित्येक वर्षं लागली, तेही अलगद घेतलं. मी डोळे उघडले नाहीत. कुणाला बोलले नाही.

आत्ता बोलले, तर टाइप करणारी बोटं थांबली आहेत. कुकरची शिट्टी झाली म्हणते. मला तरी ऐकू आली नाही.

परवा कळंबोलीला हळद आहे, सूनबाई. पहिली ओळ नेहमीसारखीच उचल.