मावशीचं न तपासलेलं पत्र

सांगू की नको, असं आठ दिवस चाललंय माझं. पण तुम्ही घरचेच, आणि चहा यायला अजून वेळ आहे, तेव्हा ऐका. फक्त मधे हसू नका.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. जन्मभर कॉलेजात पेपर तपासले. आता वारज्याला फ्लॅट घेऊन स्वस्थ बसलोय, पण खिशातलं लाल पेन काही सुटलेलं नाही. लग्नपत्रिका आली तरी आधी चुका दिसतात, मग मुहूर्त!

तर सदाशिव पेठेतल्या प्रभाताईंचा फोन आला. त्यांची मावशी म्हणजे कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या बायकांपैकी एक. वर्गभर मुलगे, पहिल्या बाकावर दोन मुली आणि समोर नऊवारीतल्या मावशी. एका ग्रंथालयाला त्यांच्या कागदपत्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं. कागद नीट लावून द्यायला इंग्रजीचा माणूस हवा होता. मी लगेच गेलो.

प्रभाताई म्हणाल्या, "सर, मावशी फार कडक होती. उभ्या जन्मात कोणाला छान म्हणाली नाही. पण तिचं मन दिसेल असं एकच पान या पेटीत आहे. प्रदर्शनात मधोमध तेच लावायचंय. ते ओळखायचं कसं, तर..."

"अहो ताई, मला सांगताय? हयात गेली माझी यात!"

"बरं," प्रभाताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. इथेच घात झाला.

मी आपला रोजनिशी शोधत बसलो. निघालं काय? वर्गावर शिकवायची टाचणं, वेळापत्रकं, जुन्या प्रश्नपत्रिका आणि एक पत्रांचा गठ्ठा. एकाच अक्षरातली सतरा इंग्रजी पत्रं. प्रत्येकावर मावशींची तांबडी शाई आणि खाली मार्क! दहापैकी दोन. दहापैकी तीन. मजकूर तरी काय? 'आदरणीय बाई, सविनय विनंती की, रविवारी टेकडीवर फिरायला येण्यास आपली हरकत नसावी. चढ सोपा आहे, मी मोजला आहे.' आता हा अर्जलेखनाचा सराव नाही तर काय? म्हटलं, असेल कोणी ढ विद्यार्थी.

सतरावं पत्र मात्र न तपासलेलं. 'टेकडी नसली तरी चालेल, आपण बरोबर असाव्यात,' असं काहीतरी होतं. चुका आधीइतक्याच, उलट थोड्या जास्तच. आणि त्यावर एक खूण नाही, मार्क नाहीत! मला वाटलं, बाई दमल्या असतील, राहून गेलं असेल. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकासाठी एवढंही करू नये? पेन हातात कधी आलं, खरंच कळलं नाही. अकरा चुका काढल्या. खाली लिहिलं, 'तीन. विषय सोडून भरकटला आहे.'

तेवढ्यात प्रभाताई चहा घेऊन आल्या. "सापडलं का पान?"

"नाही हो. मन बिन काही नाही यात. हा एका ढ मुलाचा गठ्ठा आहे, तो टाकला तरी चालेल."

"तो ढ मुलगा म्हणजे आमचे काका," प्रभाताई शांतपणे म्हणाल्या. "मावशीच्याच कॉलेजात गणित शिकवायचे. ते पत्र लिहायचे, मावशी तपासून परत करायची. ते सगळं जपून ठेवायचे आणि पुढचं लिहायचे. सतराव्याला तिने पेन लावलं नाही. आहे तसं ठेवून घेतलं आणि लग्नाला हो म्हणाली. तेच ते पान."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान मी पाठीमागे धरलं होतं.

"दाखवा," त्या म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. माझे तीन मार्कही वाचले.

"बॉलपेन आहे का हो?"

"हो."

"म्हणजे जाणार नाही."

"नाही."

"चुका दिसत असून गप्प बसणं मावशीला जमलं, सर. तुम्हाला काही जमलं नाही."

मला खरोखर वाईट वाटत होतं. मी माफी मागितली, दोनदा मागितली. प्रभाताईंनी पान पेटीत ठेवलं. "लावू असंच. खाली चिठ्ठी लिहा, लाल शाई मावशीची नाही म्हणून." मग पेटीचं झाकण लावून माझ्याकडे वळल्या.

"लग्नाआधी वहिनी तुम्हाला पत्रं लिहायच्या का हो?"

"साखरपुडा झाल्यावर एक आलं होतं. मुद्दाम इंग्रजीत, हौसेनं लिहिलेलं."

"एकच?"

"एकच."

"का बरं?"

आता त्यांना काय सांगू? तपासून परत पाठवलं होतं मी. दहापैकी साडेचार देऊन.