ओकायामाची रीत

दुसरे महायुद्ध संपल्यावर श्यामराव बावनकर फौजेबरोबर जपानात गेला, स्वयंपाकी म्हणून. ओकायामात त्याने चौदा महिने काढले. शहर जळून गेले होते. घर म्हणून चार पत्रे उरलेली माणसेसुद्धा चपला बाहेर काढून आत जात. त्याने वही केली. कोण कोणापुढे किती वाकतो, किती वेळ. दिलेली भेट समोर का उघडत नाहीत. रिकाम्या खोलीत एकच फांदी का ठेवतात.

सत्तावन्न साली तो भंडाऱ्याहून भिलाईला आला. पोलादाच्या कारखान्याच्या बांधकामावर एका ठेकेदाराच्या टोळीचा तो मुकादम झाला. रिसालीकडे पत्र्याची खोली मिळाली, नोकरी असेतोवर. खोलीत त्याने बाटलीत कण्हेरीचे एक फूल ठेवले.

"एकच?" त्याची बायको भीमाबाई म्हणाली. "बाकीच्याले काय कीड लागली?"

टोळी त्याला जपानकाका म्हणे. तो चिडत नसे. वही वाचून दाखवी. माणसे विड्या ओढत ऐकत आणि वाकून एकमेकांच्या ढुंगणावर लाथ मारत.

साठच्या उन्हाळ्यात क्रेनचा दोर तुटला. लोखंडी तुळई टोळीतल्या धोंडबाच्या मांडीवर पडली. पाय कापावा लागला. दोराचे धागे सुटले आहेत, बदल, असे श्यामरावने सकाळी टोळीतल्याच बाबुलालला सांगितले होते. बाबुलालने बदलला नव्हता.

चौकशी लागली. श्यामरावने टोळीला खोलीसमोर बसवले.

"ओकायामात गिरणीचा बॉयलर फुटला होता," तो म्हणाला. "मालक सगळ्यायपुढं वाकला. त्याच्या मागं सारे कामगार वाकले. कोणाचंच नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू. उद्या मी आधी वाकतो. तुमी माह्या मागं वाका."

"आन् साहेबानं तुमालेच धरलं तं?" बाबुलालने विचारले.

"सारे वाकल्यावर एकाले कसा धरन?"

"बरं काका. वाकू."

भीमाबाई चुलीपाशी होती. "बाबुलालचं नाव सांगा आन् मोकळे व्हा," ती म्हणाली. "खोली जाईन आपली."

"माणूस माह्या टोळीतला हाय."

सकाळी ठेकेदाराच्या ऑफिसच्या ओसरीत तीन साहेब बसले होते. श्यामराव टोळीतून पुढे झाला. "चूक माही हाय," म्हणाला, आणि कमरेत वाकला. वहीत लिहिले होते तितका, पाठ सरळ ठेवून. मागे पायांची हालचाल ऐकू यावी म्हणून तो थांबला. पंख्याचा आवाज येत होता. तो तसाच वाकून राहिला. मागे कोणीतरी फिसकन हसले.

"लिख लो," मधला साहेब म्हणाला. "कबूल करता है."

संध्याकाळी खोली रिकामी करायला सांगितले. मुकादम बाबुलाल झाला. श्यामरावने त्याला वाटेत गाठले.

"वाकले कावून नाही रे?"

"काका, आमी वाकलो असतो तं सारेच गेलो असतो. तुमच्या एकट्यात भागलं." बाबुलालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाले सवय होती."

पुढे श्यामराव सुपेल्याच्या बाजारात बटाट्याची पोती उतरवू लागला. भीमाबाई माहेरी गेली ती गेलीच. दर रविवारी धोंडबा कुबडी घेऊन कुरुदहून येई आणि भर गर्दीत त्याच्यासमोर उभा राही.

"वाक."

श्यामराव पोते खाली ठेवून वाके. दुकानदार गिऱ्हाइकांना थांबवून दाखवत. धोंडबा बराच वेळ त्याला उठू देत नसे.

एका रविवारी श्यामराव वाकलेलाच बोलला. "धोंडबा, दोर बाबुलालनं बदलला नव्हता."

"मले माहीत हाय," धोंडबा म्हणाला. "दवाखान्यातच समजलं."

"मंग?"

"तो वाकत नाही." त्याने कुबडीचे टोक श्यामरावच्या मानेवर टेकवले. "अजून खाली."